काचेवरची काजळी

एकदा एका गुरुजींनी आपल्या शिष्येने लखलखीत पुसून ठेवलेली काच दिव्याच्या ज्योतीवर धरून मुद्दाम काळी केली. चुकून नव्हे, आणि एकदाच नव्हे. गोष्ट खरी तिथून सुरू होते. पण तिथूनच सांगितली तर तुम्ही गुरुजींना वेड्यात काढाल, आणि गुरुजी काही वेडे नव्हते. म्हणून जरा मागे जाऊ.

एका बाजारपेठेच्या गावात चुरमुऱ्यांची मोठी भट्टी होती. खाली भाताचं तूस जाळायचं, वर कढईत वाळू तापवायची, तापल्या वाळूत मिठाच्या पाण्यातले तांदूळ टाकायचे, की डोळ्यांदेखत ते फुलून पांढरेशुभ्र होतात. लगेच चाळणीने वाळू वेगळी करायची आणि चुरमुरे टोपलीत. भेळ खाताना आपण कांदा कमी पडला म्हणून कुरकुरतो, चिंचेचं पाणी आंबट झालं म्हणून तोंड वाकडं करतो. पण हे चुरमुरे भाजताना कोण किती खोकलं, असं आजवर कोणी भेळवाल्याला विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

भट्टी बसलिंगशेठ नावाच्या व्यापाऱ्याची. कढईपाशी बसणाऱ्या बायकांत गिरजाबाई सगळ्यांत मुरलेली. तिच्या हातचा चुरमुरा कच्चा राहत नसे आणि करपतही नसे. शेठ तिला मान देऊन बोलत. पण गेल्या दोन पावसाळ्यांपासून तिला खोकल्याने धरलं होतं. आधी सकाळी यायचा, मग दिवसभर येऊ लागला, आणि पुढे पुढे ती चार पावलं चालली तरी भिंतीला हात लावून उभी राहू लागली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की औषधं देतो, पण धुरातून उठल्याशिवाय ती लागू पडायची नाहीत.

गिरजाबाई उठायला तयार नव्हती. धुरातून उठणं म्हणजे भट्टीवरून उठणं, आणि भट्टीवरून उठलं तर आपण कोण, हा तिचा प्रश्न. साऱ्या गावाला तिची ओळख तिच्या कढईवरून होती. घरी बसून ताटातले तांदूळ निवडत मरण्यापेक्षा कढईपाशी खोकत मरेन, असं ती सरळ म्हणायची. तिची मुलगी वेणू हे रोज ऐकायची.

उपाय तसा काही स्वर्गातून आणायचा नव्हता. भट्टीला नीट धुराडं नव्हतं. छपराची चार कौलं काढून एक भोक ठेवलं होतं, धुराला वाटलं तर तो तिकडून जायचा, नाही वाटलं तर बायकांत येऊन बसायचा. कढईवर पत्र्याचा टोप आणि वर उंच धुराडं बसवलं असतं तर काम झालं असतं. बायकांनी तशी विनवणी अनेकदा केली होती. शेठ ती हसण्यावारी नेत.

आता शेठ दुष्ट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही त्यांना खलनायक करून मोकळे व्हाल. याच भट्टीपाशी त्यांचा जन्म गेला. त्यांची आई याच कढईपाशी बसली होती, याच भट्टीवर तिने त्यांना वाढवलं. त्यांचं म्हणणं असं, की धूर भट्टीत असतो, बायकांच्या जागी येते ती नुसती ऊब. डोळे चुरचुरतात ते मिठामुळे. खोकला काय, वय झालं की सगळ्यांनाच येतो. आणि हे ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं, कारण जन्मापासून ज्या हवेत वावरलो तिला धूर म्हणायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं.

वेणू गावातल्या तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकली होती आणि शिकून झाल्यावर गुरुजींकडे जाऊ लागली होती. हे गुरुजी म्हणजे आयुष्यभर प्रयोगशाळेत शिकवून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ. नाव त्यांचं कोणी घेत नसे, सारे नुसतंच गुरुजी म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं टेबल, त्यावर सोल्डरिंगचा वास, आणि ज्याला शिकायचं असेल त्याला दार उघडं. बोलणं बेताचं, हसणं त्याहून बेताचं. एखादी गोष्ट समजली नाही तर ते पुन्हा समजावून सांगत नसत. ती शिष्याच्या वाटेत आडवी ठेवून देत, म्हणजे तो केव्हातरी ठेचकाळून शुद्धीवर येतो.

वेणूने शेठना भर बाजारात गाठलं आणि विचारलं, की धूर आहे हे दाखवून दिलं तर धुराडं बांधाल का. शेठ हसले. पण चार माणसांसमोर विचारलेलं, आणि शेठ बोलल्या शब्दाचे पक्के. ते म्हणाले, दाखव. मात्र त्यांनी अटही घातली. भट्टी थंड असेल तेव्हा तुझ्या यंत्राने धूर नाही म्हणून सांगितलं पाहिजे, आणि पेटली की आहे म्हणून. थंड भट्टीतही ते धूर धूर म्हणून ओरडायला लागलं तर धुराड्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. अट रास्त होती. वेणूने ती मान्य केली.

भट्टी वर्षभर धडधडत असे, विझायची ती फक्त अमावास्येला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पेटवायची, अशी शेठच्या घराण्याची रीत. तेव्हा श्रावणातल्या अमावास्येनंतरची सकाळ ठरली.

यंत्र तसं सोपं होतं. पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा. त्याच्या एका टोकाला एलईडीचा बारीक दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश ओळखणारा नखाएवढा सेन्सर. राख थेट अंगावर बसू नये म्हणून दोघांच्या पुढे एकेक काच. पाइपच्या मधोमध धूर आत यायला भोकं. पाइपात नुसती हवा असली की दिव्याचा सगळा उजेड सेन्सरवर पडायचा आणि तारेने जोडलेल्या पेटीवरचा काटा शून्यावर राहायचा. धूर शिरला की उजेड अडायचा, आणि जितका अडेल तितका काटा वर चढायचा. काटा शून्यावर आणून ठेवायला एक नॉब. बस्स, एवढंच. पण गुरुजींच्या टेबलावर उदबत्ती धरून पहिल्यांदा काटा चढलेला पाहिला, तेव्हा वेणूला वाटलं, आईचा खोकला आपण मुठीत पकडला. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तिने काटा नीट शून्यावर जुळवला आणि पेटी कापडात गुंडाळून घरी नेली.

आणि घरी काय झालं, ऐका. आपल्याकडे नवी सायकल आली तरी तिच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, मग लेकीने स्वतःच्या हाताने केलेलं यंत्र ओवाळल्याशिवाय घराबाहेर कसं जाईल? गिरजाबाईने पहाटेच न्हाऊन पेटीला हळद-कुंकू लावलं, पाइपवर झेंडूचं फूल ठेवलं, आणि तबकात भलीमोठी कापराची वडी पेटवून मनोभावे ओवाळलं. एकदा नाही, चांगलं पोटभर. यंत्राचा डोळा कुठे हे तिला लेकीने सांगितलं होतं, म्हणून तबक तिथेच जास्त वेळ धरलं. वेणूनेही हात जोडले. दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं.

भट्टीवर सगळे जमले होते. बायका, हमाल, बाजारातली रिकामी मंडळी, आणि कोपऱ्यात काठीवर हात टेकून गुरुजी. भट्टी रात्रभर थंड. वेणूने पाइप आईच्या जागी ठेवला, पेटीचा खटका दाबला, आणि काटा शून्यावरून उठून चांगला पाव भाग वर जाऊन बसला. तिने खटका बंद करून पुन्हा लावला. काटा पुन्हा तिथेच. नॉब फिरवून तो खाली आणता आला असता, पण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती लबाडीच दिसली असती. थंड भट्टीत, जिथे राखेचाही वास येत नव्हता, तिथे तिचं यंत्र धूर आहे म्हणत होतं.

शेठ म्हणाले, "भट्टी थंड हाय, अन् पोरीची पेटी म्हणती धूर हाय. आमच्या बायका म्हणत्यात तेबी असंच असंल मग." हमाल हसले. बायका मान खाली घालून आपापल्या चाळण्या शोधू लागल्या. गिरजाबाईला नेमकी तेव्हाच खोकल्याची उबळ आली.

एवढी नामुष्की वेणूने जन्मात अनुभवली नव्हती. धरणी दुभंगावी आणि पेटीसकट आपण आत जावं असं तिला झालं. मात्र शेठनी जाता जाता, कदाचित तो खोकला ऐकूनच असेल, एक गोष्ट बोलून दाखवली. पुढच्या अमावास्येनंतर आणखी एकदा येऊ द्या पोरीला, ते म्हणाले. मात्र तेव्हाही असंच झालं तर विषय संपला.

वाटेत पेटीवरचं हळद-कुंकू पाहून गुरुजींनी एवढंच विचारलं, की कापूर कुठे लावला होता. वेणू जागच्या जागी थांबली. टेबलाशी जाऊन तिने पाइप उघडला. दोन्ही काचांवर काळसर साय धरली होती. कापराच्या ज्योतीची काजळी भोकांतून आत जाऊन बसली होती, तिने उजेड अडवला, आणि बिचाऱ्या यंत्राने आपल्या समजुतीप्रमाणे तो धूर म्हणून मोजला.

दोष सापडला म्हणून तिला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ संताप आला. घरी जाऊन तिने आईला नको ते सुनावलं. तुझ्या आरतीने माझं नाक कापलं, यापुढे माझ्या पेटीला हातसुद्धा लावू नकोस, असं काय काय ती बोलली. चुलीपाशी बसून गिरजाबाई म्हणाली, "मी तर तुझं चांगलं व्हावं म्हणून ओवाळलं गं," आणि मग कितीतरी वेळ नुसती भाकरी थापत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून वेणूने पेटीला सोवळ्यात ठेवलं. काचा लिंबाच्या पाण्याने धुतल्या, मलमलच्या कापडाने पुसल्या, तोंड दिसेल इतक्या चकचकीत केल्या. पेटीला खोळ शिवली. आता कापूर नाही, उदबत्ती नाही, कोणाचा हात नाही. मग चुकेल कशाला? तिच्या दृष्टीने काम संपलं होतं, फक्त अमावास्येची वाट पाहायची.

आणि आता आपण सुरुवातीला पोहोचलो. एके दुपारी ती गुरुजींच्या घरी आली तेव्हा गुरुजी टेबलाशी बसले होते. समोर रॉकेलची चिमणी पेटलेली. त्यांनी पाइपातली काच काढली होती आणि ती चिमणीच्या ज्योतीवर धरून, पापड भाजावा तशी उलटसुलट करत शांतपणे काळी करत होते. काळी झाली, तेव्हा ती परत पाइपात बसवली, चिमणी फुंकली, आणि वेणूकडे पाहून, बस, म्हणाले.

वेणूला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा काहीतरी घोटाळा झाला असेल. तिने काही न बोलता काच काढली, पुसली, लावली. दुसऱ्या दिवशी काच पुन्हा काळी. तिने पुन्हा पुसली. बाहेर गणपतीच्या मिरवणुकीचे ढोल वाजत होते आणि आत हा खेळ चालला होता: शिष्येने पुसायचं आणि गुरूने फासायचं. ना ते काही बोलत, ना ती विचारत. शेवटी एका दिवशी तिचा बांध फुटला. पाइप टेबलावर आपटून तिने विचारलं, "गुरुजी, तुम्ही शेठच्या बाजूचे आहात का? माझी आई तिकडे गुदमरते आहे, आणि तुम्ही माझी काच काळी करताय."

बोलून गेल्यावर तिची तिलाच लाज वाटली. गुरुजींनी मात्र ते मनावर घेतलं नाही. त्यांनी पाइप उचलून सरळ ठेवला.

"बाळ, त्या सकाळी कापराने काच काळी केली, हे खरं," ते म्हणाले. "पण भट्टी पेटल्यावर ती काळी होणारच होती. यंत्र धूर मोजायला निघालं आहे, आणि धुरात जाऊन कोणाची काच कोरी राहते? खोळ शिवून किती शिवशील, पुसून किती पुसशील? माझी काच स्वच्छच आहे असं धरून चालणारं यंत्र जाईल तिथे स्वतःची काजळी मोजेल आणि तिला दुसऱ्याचा धूर म्हणेल. त्याला आधी स्वतःवर किती बसली आहे ते ओळखायला शिकव. मग काळ्या काचेने मोजलंस तरी ते खरंच सांगेल."

ते पुढे म्हणाले, "आणि रागावू नकोस. आईला बोललीस ना, त्या दिवशी तुझ्याही काचेवर थोडी बसली होती."

वेणू खाली मान घालून घरी गेली. आईची क्षमा मागायची तिची हिंमत झाली नाही, पण ती अंगणात आईची वाट पाहत बसली. गिरजाबाई भट्टीवरून परतली. रोजच्यासारखीच दारातल्या कडुलिंबाखाली थांबली, पदराने तोंड पुसलं, दोन-तीनदा खोल श्वास घेतला, आणि म्हणाली, "आज लई धूर हुता बाई."

हे वाक्य वेणूने लहानपणापासून ऐकलं होतं. आज पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की आई हे नेहमी इथेच का म्हणते? भट्टीवर विचारलं तर ती म्हणायची, कुठला धूर, काही नाही. कडुलिंबाखालची हवा छातीत गेल्यावर तिला कळायचं, की आतापर्यंत आपण काय घेत होतो. आईचे डोळे, आईची छाती, सगळं काजळलेलं होतं; तरी चांगल्या हवेचा एक घोट मिळाला की तिचा अंदाज बरोबर येत होता.

वेणू उठली आणि तिने आईला मिठीच मारली. गिरजाबाईला काही कळेना. अगं, अंगाला काळं लागंल, म्हणत ती तिला दूर ढकलत राहिली, आणि वेणू तिला सोडेना.

मग काय, यंत्रालाही कडुलिंब मिळाला. वेणूने सायकलचा जुना पंप आणला आणि त्याची नळी पाइपला जोडली. पंप हवा ओढतो तिथे कापसाचा घट्ट बोळा बसवला, म्हणजे आजूबाजूला कितीही धूर असो, आत येणारी हवा गाळून यावी. पाइपच्या भोकांवर सरकतं झाकण केलं. आता मोजण्याआधी प्रत्येक वेळी झाकण अर्धं लोटायचं, पंप मारून पाइपातला धूर उरलेल्या फटीतून हाकलायचा, आत नुसती निर्मळ हवा राहिली की काटा कुठे आहे ते पाहायचं. तो जेवढा वर, तेवढी आपल्याच काचेची काजळी. नॉब फिरवून दिव्याचा उजेड वाढवायचा, काटा शून्यावर आणायचा. त्यानंतरच झाकण उघडून धुराला आत घ्यायचं. मग काटा जे सांगेल ते धुराचं, स्वतःचं त्यात काही नाही.

तिने गुरुजींच्या टेबलावर ते करून दाखवलं. या वेळी काच काळी करायला गुरुजी पुढे झाले नाहीत. तिनेच चिमणी पेटवली आणि तिनेच काच ज्योतीवर धरली. गुरुजी पाहत राहिले आणि चक्क हसले. शिष्येने ते हसू नंतर कितीतरी दिवस मनात जपून ठेवलं.

भाद्रपदातली अमावास्या सरली. घटस्थापनेची सकाळ उजाडली. गिरजाबाई आवरून बसली होती, पण पेटीच्या आसपास फिरकत नव्हती. वेणू तिच्यापाशी जाऊन म्हणाली, आई, ओवाळत नाहीस? गिरजाबाईने तिच्याकडे असं पाहिलं, की लेक चेष्टा करते आहे का. वेणू म्हणाली, घरी नको, भट्टीवर ओवाळ, सगळ्यांसमोर. आणि कापूर भरपूर घे.

त्या दिवशी भट्टीवर गर्दी जास्त होती. फजिती पाहायला माणसं नेहमीच जास्त येतात. थंड भट्टीसमोर पेटी मांडली आणि गिरजाबाईने कापूर पेटवला. लोकांत खसखस पिकली. कापराची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती. शेठनी कपाळाला हात लावला आणि ते म्हणाले, "पोरी, गेल्या खेपंला याच कापरानं तुला बुडवलं न्हवं?" वेणूने मान डोलावली आणि आईचा हात धरून तबक पाइपच्या भोकांशी नेलं. काळी रेघ सरळ आत शिरली.

तिने खटका दाबला. काटा चढला, मागच्या वेळेपेक्षा जास्त. हमाल हसायला लागले. वेणूने झाकण अर्धं लोटलं, पंप मारला. काटा थोडा उतरला आणि मधेच थांबला. ती मोठ्याने म्हणाली, "आता आत स्वच्छ हवा आहे. हा जो काटा वर दिसतो आहे, ती माझ्या काचेची काजळी. ती आधी माझ्या नावावर." तिने नॉब फिरवला, काटा हळूहळू शून्यावर आला. झाकण उघडलं. काटा शून्यावरच.

हसणं थांबलं. शेठ पुढे आले. व्यापारी माणूस, वजनकाट्याच्या खोडी जन्मभर पाहिलेला. त्यांनी अंगठा भट्टीच्या तोंडावरच्या काजळीवर घासला आणि पाइपातल्या काचेकडे बोट केलं. वेणूने काच काढून त्यांच्यापुढे धरली. शेठनी अंगठा फिरवला, चांगला दाबून. तिने ती काच तशीच परत लावली. काटा उसळला. पंप, नॉब, झाकण. काटा शून्यावर.

"भट्टी पेटवा," शेठ म्हणाले.

तूस पेटलं. वाळू तापू लागली. बायका आपापल्या जागी बसल्या आणि वेणूने पाइप आईच्या जागेशी, तिच्या तोंडाच्या उंचीवर धरला. काटा हलला. चढत गेला. अर्ध्यावर गेला, अर्ध्याच्या पुढे गेला, आणि तरी थांबेना. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, बाहेर दारात धरून बघ. वेणूने दारात नेऊन, पंप मारून पुन्हा मोजलं. काटा जेमतेम उठला. पुन्हा आईच्या जागी आणलं, पुन्हा पंप, पुन्हा शून्य, पुन्हा झाकण उघडलं. काटा पुन्हा वर, पहिल्या वेळेच्याच खुणेला जाऊन टेकला. आता कोणाला काही सांगायची गरज उरली नव्हती. आंधळ्यालाही दिसलं असतं.

बायकांनी एकच कल्ला केला. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी चाळणीवर झारा बडवला, एकीने तर वेणूच्या गालांवरून हात फिरवून कानांशी बोटं मोडली. इतकी वर्षं त्या जे सांगत होत्या आणि ज्याला ऊब म्हणून उडवून लावलं जात होतं, ते आज काट्याने चारचौघांत कबूल केलं होतं. गिरजाबाई मात्र काट्याकडे पाहत नव्हती, लेकीकडे पाहत होती.

काटा स्थिर झाला तरी शेठ त्याच्यापुढून हलले नाहीत. मग ते वेणूला नव्हे, गिरजाबाईला म्हणाले, "माझी आई बसायची ती जागा हीच. अन् मी तिला म्हणायचो, ऊब हाय आई, ऊब." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले, आणि तिथल्या तिथे पत्र्याचं काम करणाऱ्याला बोलावणं धाडलं. दिवाळीच्या चिवड्याची मागणी डोक्यावर होती. भट्टी एक दिवस बंद ठेवणं म्हणजे बाजारभर शिव्या खाणं. शेठनी भट्टी बंद ठेवली, आणि शिव्याही खाल्ल्या.

गर्दी पांगल्यावर वेणूने गुरुजींच्या पायाला हात लावला. ते एवढंच म्हणाले, की आज लोकांनी तुझ्या काट्यावर विश्वास ठेवला, पण तो काटा चढला तेव्हा नाही ठेवला. आपली काजळी आधी आपल्या नावावर घेतलीस, तिथेच तू जिंकलीस. धूर त्यांनी नंतर पाहिला.

धुराडं उभं राहिलं. कढईवर पत्र्याचा रुंद टोप, वर छपराच्याही पलीकडे गेलेली नळी. पहिल्या दिवशी भट्टी पेटली तेव्हा शेठनी वेणूला मुद्दाम बोलावून घेतलं. धूर टोपातून वर ओढला जात होता आणि आकाशात काळी शेपटी सोडत होता. बायका चाळण्या हलवत होत्या. वेणूने आईच्या जागी पाइप धरला, पंप मारला, शून्य जुळवलं आणि झाकण उघडलं.

काटा हलला नाही.

तार तुटली की काय? तिने पेटीला टिचकी मारली, जोड चाचपले, सेल काढून पुन्हा बसवले. काटा ढिम्म. ती धावत भट्टीच्या तोंडाशी गेली आणि तिथे पाइप धरला, तर काटा ताडकन वर. यंत्र ठणठणीत होतं. ती परत आली. पंप, शून्य, झाकण. काटा पडून राहिला तो राहिलाच.

"काय गं, बिघडलं काय?" गिरजाबाईने काळजीने विचारलं. तिने तांदळाचं मापटं वाळूत उपडं केलं होतं, चुरमुरे फुलून वर येत होते, आणि एवढं सगळं करता करता बोलताना ती एकदाही खोकली नव्हती. हे तिच्या ध्यानात आलं नाही, वेणूच्या आलं.

"काही नाही, आई," वेणू म्हणाली. मग तिला ते पुरेसं वाटलं नाही, म्हणून तिने तेच पुन्हा, सगळ्या भट्टीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं. "काहीच नाही!"